कराचीची मसाला बिर्याणी आणि पाण्याचा हिशेब

घरी केलेली पाकिस्तानी बिर्याणी फसली की पहिला आरोप मसाल्यावर होतो. पाकीट बदललं जातं, केवडा वाढवला जातो, तिखट दुप्पट पडतं. खरा दोष जवळजवळ नेहमी पाण्याचा असतो. कांद्यात पाणी, टोमॅटोत पाणी, दह्यात पाणी, ब्रॉयलर कोंबडीत तर भरपूरच, आणि शेजारच्या पातेल्यात तांदूळही पाणी पितोच आहे. दमावर ठेवताना टोपात एकूण किती ओल आहे हे ज्याला कळलं, त्याची बिर्याणी सहसा बिघडत नाही. म्हणून इथे मसाल्यापेक्षा पाण्याबद्दल जास्त लिहिलंय.

पाकिस्तानात बिर्याणी एकच नाही. पंजाबात यखनीच्या, म्हणजे मांस उकळून काढलेल्या पाण्यात शिजवलेल्या पुलावाचा मान मोठा आहे. इथे जी सांगतोय ती कराचीची. १९४७ नंतर दिल्ली, उत्तर प्रदेश, बिहार, हैदराबाद, गुजरात आणि मुंबईकडून माणसं या शहरात येऊन वसली आणि त्यांच्या चुलींवरून टोमॅटो, दही, आलूबुखारा, बटाटा, भरपूर हिरव्या मिरच्या अशी झणझणीत, आंबट बिर्याणी तयार झाली. कराचीतल्या ‘सदर’ नावाच्या भागातलं ‘स्टुडंट बिर्याणी’ हे हॉटेल १९६९ पासून तिथे आहे. कराचीच्या मसाला कंपन्या ‘सिंधी बिर्याणी’ आणि ‘बॉम्बे बिर्याणी’ अशी दोन वेगळी पाकिटं विकतात. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता हे लक्षात घेतलं तर ‘बॉम्बे’ या नावाचं नवल वाटत नाही.

सात-आठ जणांसाठी प्रमाण असं: ७५० ग्रॅम जुना बासमती, हाडासकट १ किलो चिकन (१२ ते १४ मोठे तुकडे), ५०० ग्रॅम बटाटे, ४०० ग्रॅम कांदे, ४०० ग्रॅम टोमॅटो, २५० ग्रॅम दही, २०० मिली तेल, ८ ते १० सुके आलूबुखारे, आल्याची आणि लसणाची वाटून दोन-दोन मोठे चमचे पेस्ट, ८ हिरव्या मिरच्या, पुदिना आणि कोथिंबीर प्रत्येकी एक मोठी मूठ, २ लिंबं. पुढे मोठा चमचा म्हणजे १५ मिली आणि छोटा म्हणजे ५ मिली. टोप जाड बुडाचा, ७ ते ८ लिटरचा हवा. लहान भांड्यात थर उंच होतात, वरच्या भाताचा भार खालच्या शितांवर पडतो आणि वाफ फिरायला जागाच राहत नाही. रुंद आणि बुटका टोप उंच पातेल्यापेक्षा केव्हाही चांगला.

सुरुवात कांद्यापासून. उन्हाळ कांदा मिळाला तर तोच घ्या. तो साठवणुकीत टिकतो त्याचं कारण त्यात पाणी कमी असतं, आणि त्याच कारणाने तो तळायलाही सोपा. खरिपाचा ताजा लाल कांदा तेलात गेला की आधी बराच वेळ पाणी सोडतो, मऊ पडतो आणि मग एकदम काळवंडतो. कांदा उभा, दोन मिलिमीटर जाडीचा, सगळा सारखा चिरा. जाड-बारीक झाला तर बारीक काप करपतात आणि जाड कच्चे राहतात, आणि दोन-चार करपलेले काप अख्ख्या टोपाला कडवटपणा देतात. मध्यम-मोठ्या आचेवर तळा, सतत हलवत राहा. गव्हाळ सोनेरी रंग आला की झाऱ्याने लगेच बाहेर काढून कागदावर पसरा. हवा तेवढा रंग कढईतच येईपर्यंत थांबलात तर उशीर झाला, कारण बाहेर काढल्यावरही कांदा आणखी एक छटा गडद होतो. हेच तेल पुढे रश्शाला वापरायचं. त्यात कांद्याची चव उतरलेली असते, ते टाकून देऊन नवीन तेल घेणं हे मोठं नुकसान आहे.

त्या तेलात खडा मसाला घाला: २ तमालपत्रं, दोन इंच दालचिनी, ८ लवंगा, ६ हिरव्या वेलच्या, ३ मसाला वेलच्या, १२ काळी मिरी, छोटा चमचाभर शहाजिरं आणि एक चक्रीफूल. चक्रीफूल वगळू नका. कराचीच्या बिर्याणीच्या वासात त्याचा वाटा मोठा आहे. पण दोनाच्या वर गेलात तर औषधी वास येतो. मग आलं-लसूण, आणि त्याचा कच्चा वास गेला की टोमॅटो.

इथे घाई करू नये. बहुतेक कृतींमध्ये चिकन आधी परततात आणि त्यावर टोमॅटो घालतात. हॉटेलच्या भट्टीवर ते चालतं, कारण तिथली आच इतकी असते की पाणी बघता बघता उडून जातं. घरच्या गॅसवर चिकन आणि टोमॅटो एकाच वेळी पाणी सोडतात आणि परतण्याऐवजी सगळं शिजायला लागतं. म्हणून आधी नुसता टोमॅटो, मोठ्या आचेवर, ८ ते १० मिनिटं, साल सुटून लगदा होईपर्यंत आणि कडेने तेल दिसेपर्यंत परता. मग आच कमी करून भुकटीचे मसाले: दीड मोठा चमचा लाल तिखट, एक मोठा चमचा धणेपूड, एक छोटा चमचा जिरेपूड, अर्धा छोटा चमचा हळद, पाव छोटा चमचा जायफळ-जायपत्रीची पूड, अडीच छोटे चमचे मीठ. तिखटात निम्मी ब्याडगी रंगासाठी आणि निम्मी कुठलीही जहाल मिरची ठेवा. ही बिर्याणी सौम्य करण्यात काही अर्थ नाही. घरात गोडा मसाला किंवा कांदा-लसूण मसाला हाताशी असतो, पण तो इथे घालू नका. त्यातलं खोबरं आणि तीळ रश्शाला वेगळाच दाटपणा देतात, आणि गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या वासापुढे केवडा टिकत नाही.

आता दही. ते घुसळून एकजीव केलेलं आणि फ्रिजमधून आधीच बाहेर काढलेलं असावं. आच अगदी मंद करून तीन-चार हप्त्यांत घाला आणि प्रत्येक वेळी पूर्ण मिसळून घ्या. टोमॅटोचा आंबटपणा आणि जोरदार उष्णता एकदम मिळाली की दह्यातली प्रथिनं आक्रसून गोळे होतात आणि पाणी वेगळं पडतं. फुटलेलं दही परत जुळत नाही. चव फार बिघडत नाही, पण रस्सा कणीदार दिसतो आणि सुटलेलं पाणी आटवत बसावं लागतं.

मग चिकन आणि तळलेल्या कांद्यापैकी दोन तृतीयांश कांदा हाताने चुरून. मोठ्या आचेवर पाचेक मिनिटं परता, झाकण ठेवून मध्यम आचेवर १२ मिनिटं शिजवा. पाणी घालायचं नाही, एक थेंबही नाही. झाकण काढाल तेव्हा टोपात वाटीभर तरी पाणी सुटलेलं दिसेल. हे चिकनचं पाणी, आणि गिचका भात बहुतेक वेळा इथेच ठरतो. ते आटवायचं, पण तोपर्यंत ब्रॉयलरचे तुकडे हाडापासून सुटून चिंधड्या होतात. उपाय सोपा आहे: तुकडे बाहेर एका ताटात काढून ठेवा, रस्सा एकटाच मोठ्या आचेवर आटवा आणि मग तुकडे परत सोडा. रस्सा झाला हे ओळखायची खूण म्हणजे कालथा तळावरून ओढला की मागे क्षणभर टोपाचं बूड दिसतं, आणि वर तेलाचा तवंग स्वच्छ वेगळा उभा राहतो. दोन-सव्वादोन वाट्या दाट रस्सा उरला पाहिजे. चव घेतलीत तर मीठ आणि आंबटपणा दोन्ही किंचित जास्त लागतील. तसंच हवं, कारण पुढे भातात ते वाटलं जाणार आहे.

बटाट्याबद्दल थोडं सविस्तर, कारण कच्चा बटाटा ही घरच्या कराची बिर्याणीची ठरलेली तक्रार आहे. बटाटा रश्शात सोडला आणि अर्धा तास शिजवला तरी टणक राहतो. तो बटाट्याचा दोष नाही. टोमॅटो, दही, आलूबुखारा या सगळ्याच्या आंबटपणामुळे बटाट्याच्या पेशी एकमेकांना धरून ठेवणारं पेक्टिन विरघळत नाही, म्हणून तो मऊच होत नाही. तेव्हा बटाटे वेगळे उकडा: सोलून मोठे अर्धे काप, मीठ आणि चिमूटभर हळद किंवा पिवळा रंग घातलेलं पाणी, आणि सुरी जाताना शेवटी थोडासा अडथळा लागेल इतपतच शिजवा. निथळून, थोड्या तेलात कडा सोनेरी करून घेतल्या तर दमात ते फुटत नाहीत. रश्शात शेवटी मिसळा.

आलूबुखारा कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून रस्सा आटल्यावर घाला. त्याआधी घातला तर विरघळून जातो, आणि घासात मध्येच येणारी ती आंबट-गोड फोड हरवते. मुंबईत मस्जिद बंदर किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या सुक्या मेव्याच्या दुकानांत तो मिळतो. बिया असतात, जेवणाऱ्यांना आधी सांगा. परदेशात प्रून म्हणून मिळणारं काळं, बिनबियांचं फळ बरंच गोड असतं. तेच वापरायचं झालं तर पाच-सहा पुरेत आणि सोबत अर्ध्या लिंबाचा रस जास्त घाला. आमसुलाचा मोह मात्र टाळा, त्याचा वास सगळ्या मसाल्याला कोकणात घेऊन जातो.

तांदूळ जुनाच हवा. साठवणुकीत ओल कमी झालेला दाणा शिजताना लांब होतो आणि चिकटत नाही. आंबेमोहोर आणि कोलम आपापल्या जागी उत्तम आहेत, पण उकळून, निथळून, पुन्हा वाफ देण्याचा हा खेळ त्यांना झेपत नाही. पहिल्यांदा करत असाल तर सेला बासमती घ्या. सेला म्हणजे सालासकट उकडून वाळवलेल्या भातापासून निघालेला तांदूळ. कराचीतही बिर्याणीला तो मोठ्या प्रमाणावर वापरतात आणि एखाद-दोन मिनिटांची चूक तो सहन करतो. साध्या बासमतीचा सुवास अधिक, पण तो ती चूक माफ करत नाही. तीन-चार पाण्यांत हलक्या हाताने धुवा. साधा बासमती अर्धा तास भिजवा, सेला दीड ते दोन तास.

चार लिटर पाण्याला ६० ग्रॅम, म्हणजे साधारण साडेतीन मोठे चमचे मीठ. जास्त वाटतं, पण यातलं बहुतेक पाण्याबरोबर मोरीत जाणार आहे. भात अळणी राहिला तर रश्शात कितीही मीठ टाकून तो सुधारत नाही. पाण्यात दोन-तीन लवंगा, थोडं शहाजिरं, पुदिन्याच्या काड्या आणि एक छोटा चमचा व्हिनेगर घाला. आंबटपणाने दाणा थोडा घट्ट आणि पांढरा राहतो. पाण्याला जोरदार उकळी असतानाच तांदूळ सोडा. पुन्हा उकळी आल्यापासून साधा बासमती ४ ते ५ मिनिटं, सेला ८ ते १०. पण घड्याळावर विसंबू नका. तिसऱ्या मिनिटापासून दाणा बोटांत दाबून बघत राहा. बाहेरून मऊ आणि मध्ये बारीकशी कडक कणी राहिली, दाणा दाबल्यावर दोन-तीन तुकडे झाले, की लगेच रोळीत ओता. त्याआधी वाटीभर पाणी बाजूला काढून ठेवायला विसरू नका, ते पुढे लागू शकतं.

रोळीतही भात शिजतच असतो. म्हणून रस्सा, बटाटे, चिरलेली कोथिंबीर, लिंबाच्या चकत्या, सगळं तयार झाल्याशिवाय तांदूळ उकळत्या पाण्यात जाता कामा नये. पाच मिनिटं रोळीत पडलेला भात दमावर जातो तेव्हा त्याची कणी संपलेली असते.

थर लावताना तळाला रस्सा, त्यावर पुदिना, कोथिंबीर, चिरा दिलेल्या मिरच्या, मग निम्मा भात. परत उरलेला रस्सा आणि हिरवं, आणि वर उरलेला सगळा भात. तळाचा थर रश्शाचाच असू द्या. भात बुडाला टेकला की लागतो. लिंबाच्या चकत्या पातळ करा आणि बिया काढा, नाहीतर सालाचा कडवटपणा उतरतो. दोन लिंबांपैकी एकाच्या चकत्या आणि एकाचा रस पुरतो. वरच्या भातावर उरलेला तळलेला कांदा पसरा. चिमूटभर खायचा केशरी रंग दोन मोठे चमचे दुधात कालवून चार-पाच ठिकाणीच सोडा, म्हणजे वाढताना पांढरी, पिवळी आणि मसाल्यात माखलेली अशी तिन्ही शितं दिसतात. रंग नको असेल तर केशर घ्या, फक्त छटा फिकी येईल. केवडा पाणी एक छोटा चमचा, सगळ्यात शेवटी. इसेन्स असेल तर दोन थेंब, तिसरा टाकला की बिर्याणीला अत्तराचा वास येतो.

झाकणाला सुती फडकं गुंडाळा. वाफेचं पाणी झाकणावरून परत भातावर ठिबकतं, ते फडकं पितं. फडक्याची टोकं वर बांधून घ्या, गॅसजवळ लोंबू देऊ नका. झाकण सैल बसत असेल तर कडेला कणीक लावा. टोप पाच मिनिटं मध्यम-मोठ्या आचेवर, कडेने वाफ निसटायला लागेपर्यंत. मग खाली जाड तवा सरकवून १५ ते १८ मिनिटं मंद. मग गॅस बंद करून दहा मिनिटं हात न लावता. पहिली पाच मिनिटं वगळू नका. दम वाफेवर होतो, आणि थंड रस्सा मंद आचेवर वाफ धरेपर्यंत भात वरून सुकत जातो. इंडक्शनवर आच मधोमध साठते आणि तळ एकाच जागी लागतो. त्यापेक्षा ओव्हन असेल तर १६० अंश सेल्सियसला २५ ते ३० मिनिटं ठेवा, भांडं मात्र आधी चुलीवर गरम झालेलं हवं.

दमावर ठेवण्याआधीच चूक लक्षात आली तर सुधारता येते. भात जास्त शिजला असेल तर परातीत पसरून वाफ जाऊ द्या, रस्सा नेहमीपेक्षा कोरडा आटवा आणि दम आठ मिनिटांवर आणा. उलट भात जास्त कच्चा राहिला किंवा रस्सा फार सुकला, तर बाजूला ठेवलेलं ते खारं गरम पाणी पाव वाटी कडेकडेने शिंपडा. भात कच्चा आणि रस्सा कोरडा, किंवा भात मऊ आणि रस्सा पातळ, या जोड्या एकत्र आल्या की बिर्याणी हमखास जाते. एकाची ओल दुसऱ्याने भरून काढायची असते. दम झाल्यावर करपल्याचा वास आला तर ढवळू नका. वरचे थर दुसऱ्या भांड्यात काढा, तळ तसाच सोडा.

मटण असेल तर क्रम थोडा बदलतो. खांदा, मान आणि थोड्या बरगड्या असं मिश्रण घ्या. मटण आधी आलं-लसूण, मीठ आणि दोन वाट्या पाण्यात कुकरला लावा, एक शिट्टी आणि मग मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं. ते जवळजवळ मऊ झाल्यावरच टोमॅटो-दह्यात घाला, आणि कुकरमधलं पाणी रश्शात ओतून पूर्ण आटवा. ते फेकू नका, मटणाची सगळी चव त्यातच आहे.

पाकिटाबद्दल. आखाती देशांत, इंग्लंड-अमेरिकेत शान आणि नॅशनल या पाकिस्तानी कंपन्यांची बिर्याणी मसाल्याची पाकिटं सहज मिळतात आणि ती वाईट नाहीत. पण त्यांत मीठ आधीच भरपूर असतं, त्यामुळे रश्शात वरून मीठ घालण्याआधी चाखा. लाल तिखटही वगळा. आलूबुखाऱ्याचे तुकडे बहुतेक वेळा मसाल्यातच असतात, ते मोजूनच पुढचे टाका. भारतात पाकिस्तानी मालाच्या आयातीला बंदी आहे, तेव्हा वर दिलेलं घरचं प्रमाण वापरा. मला तर तेच अधिक आवडतं, कारण मसाला ताजा असला की वासासाठी मीठ-तिखटाचा भडिमार करावा लागत नाही.

वाढताना पळीने ढवळायचं नाही. पसरट कालथा कडेने सरळ तळापर्यंत घाला आणि उभा थर उचला. सोबत पुदिना, कोथिंबीर, हिरवी मिरची वाटून घातलेलं पातळ दही आणि कांदा-काकडीची कोशिंबीर पुरते. उरलेली बिर्याणी दोन तासांच्या आत उथळ डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा, शिजलेला भात बाहेर राहिला की लवकर बाधतो. दुसऱ्या दिवशी दोन चमचे पाणी शिंपडून, झाकण ठेवून मंद आचेवर आतपर्यंत कडक गरम करा.